राष्ट्राध्यक्षांच्या टेकडीवरचा मटार

बसा नीट मांडी घालून, घाई कसलीच नाही. आज गोष्ट आहे एका टेकडीची. टेकडी आपल्याकडची नव्हे बरं का, थेट अमेरिकेतली, व्हर्जिनिया राज्यातल्या शार्लट्सव्हिल गावाच्या उशाला असलेली. मॉन्टिसेलो तिचं नाव. तिच्या माथ्यावर घुमटाचा एक सुरेख वाडा आहे, थॉमस जेफरसन यांचा. १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्यांनी लिहिला आणि पुढं जे देशाचे तिसरे राष्ट्राध्यक्ष झाले, तेच हे. लोक लांबलांबून येतात, घुमट बघतात, पुस्तकं बघतात आणि माघारी वळतात. खरं नवल मात्र वाड्याच्या बाहेर उतारावर आहे, आणि मला तुम्हाला तिकडंच न्यायचं आहे.

आता वाट वाड्यातूनच जाते म्हटल्यावर दोन घटका आत थांबू. पुढच्या दालनात शिरलं की मॅस्टोडॉनचा जबडा दिसतो. मॅस्टोडॉन म्हणजे हत्तीचा फार जुना भाऊबंद, हजारो वर्षांमागं पृथ्वीवरून नाहीसा झालेला. जेफरसनना या हाडांचं भारी वेड. निसर्ग आपला एकही जीव पुरता संपू देत नाही, असं त्यांना मनापासून वाटायचं, म्हणून पश्चिमेकडचा मुलूख शोधायला माणसं धाडली तेव्हाही, लोक ज्यांना संपले म्हणतात असे प्राणी कुठं दिसतात का ते बघा, असं त्यांनी बजावून सांगितलं होतं. एकदा त्यांच्या हाती एका प्राण्याची हाडं आली, नखं ही एवढाली, तेव्हा त्यांना वाटलं हा कुणी राक्षसी सिंहच असणार. जाणकारांनी निरखून पाहिलं तर तो निघाला पाला खाणारा, सुस्त, अवाढव्य स्लॉथ! तरी शास्त्रज्ञांनी पुढं त्या प्राण्याच्या नावात जेफरसन यांचंच नाव गुंफलं.

चला, आता उताराला लागू. आग्नेयेकडं तोंड केलेल्या अंगाला टेकडी खोदून एक लांबच लांब सपाट टप्पा काढला आहे, १००० फूट लांबीचा, आणि तो ढासळू नये म्हणून खालून दगडी ताल घातली आहे, काही ठिकाणी चांगली बारा फूट उंच. हे सगळं कुणी केलं? गुलामांनी. जाहीरनाम्यात सगळी माणसं समान म्हणणाऱ्या या माणसानं आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलामीत ठेवली. फुलझाडांचे वाफे खणणारे वर्म्ली ह्यूज हे त्यांतलेच एक, मोठ्या कसबाचे माळी. हे बाजूला ठेवून या बागेची गोष्ट सांगणं म्हणजे अर्धीच सांगणं.

बरं, भाजीचा मळा टेकडीवर कशाला? पाण्याची तिथं कायम वानवा, विहीर सारखी आटायची, शेवटी छपरावरचं पावसाचं पाणी धरायला टाक्या बांधाव्या लागल्या. शहाणा माणूस मळा ओढ्याकाठी करतो. पण इथं टेकडीची करामत बघा. आभाळ निरभ्र असलं की रात्री जमीन आपली ऊब वर सोडून देते, तिला लगटलेली हवा गार होते, गार झाली की जड होते, आणि मोकाट सोडलेल्या पाटाच्या पाण्यासारखी उतार धरून खाली खाली वाहत जाऊन खोऱ्यात साचते. मग खाली गारठा मुक्काम ठोकतो आणि वरच्या अंगाला ऊब टिकते. जेफरसननी हे डोळ्यांनी पाहिलं होतं, लिहूनही ठेवलं होतं, की कधी कधी थंडी अशी पडते की टेकडीभोवतालची हिकरीची झाडं मरतात, आणि वर माथ्याकडं फळझाडांच्या नाजूक मोहराला मात्र धक्काही लागत नाही. आपल्या महाबळेश्वरला नाही का, थंडीत हिमकण दिसतात ते वेण्णा तलावाच्या सखल काठाला, लिंगमळ्याच्या अंगाला, आणि वर बाजारपेठेत तेवढा गारठा नसतो! खेळ तोच. इथं तर दगडी तालही दिवसभर ऊन पिऊन रात्री ऊब सोडते, म्हणून तिच्या पायथ्याशी जेफरसननी अंजिरं लावली, आणि ती तिथं तगलीसुद्धा.

या टप्प्यावर त्यांनी काय लावलं नाही ते विचारा. भाज्या आणि औषधी पाल्याचे तीनशेहून जास्त वाण. त्यात आपला तीळही होता. तीळ मूळचा आपल्या उपखंडातला, पण अमेरिकेत तो पोचला आफ्रिकेतून पकडून नेलेल्या माणसांबरोबर. १८०८ साली जेफरसननी तिळाचं तेल चाखलं, ते त्यांना इतकं आवडलं की तीळ पेरून घरीच तेल काढायचा त्यांनी खटाटोप मांडला.

जीव मात्र मटारात अडकलेला. शेजाऱ्यापाजाऱ्यांत दरसाल पैज लागायची, ज्याच्या ताटात पहिला मटार येईल त्यानं बाकीच्यांना जेवू घालायचं. आता एवढी उबदार टेकडी हाताशी, तरी बहुतेक वेळा बाजी मारायचे शेजारचे जॉर्ज डायव्हर्स. एके वर्षी जेफरसन यांचा मटार आधी तयार झाला. घरची मंडळी म्हणाली, बोलवा की सगळ्यांना! तर म्हातारबुवा म्हणाले, गप्प राहा, आपण कधी हरत नाही असं त्या मित्राला वाटू दे, त्यातच त्याचं सुख आहे.

आणखी एक नवल राहिलंच. एप्रिलच्या सुरुवातीला तिथं एक पांढरं फूल येतं, आठ पाकळ्यांचं, आणि वारं सुटलं की एका दिवसात झडून जातं. १७९२ साली बार्टन नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलं जेफरसोनिया. नवल फुलाचं नाही, बीचं आहे. बोंडाला वर एक झाकण असतं, ते उघडतं आणि बिया खाली सांडतात. प्रत्येक बीला तेलकट मांसल तुकडा चिकटलेला. मुंगीला तेवढंच हवं असतं. ती अख्खी बी वारुळात ओढून नेते, तुकडा खाते आणि बी केरात टाकते, आणि मुंग्यांचा केर म्हणजे बी रुजायला सकस माती. पाय नसलेलं झाड अशी आपली पोरं दुसऱ्याच्या खांद्यावरून दूर धाडतं.

हे सगळं आपल्याला आज कळतं त्याचं एक कारण आहे वही. १७६६ सालापासून जेफरसन बागेची नोंद ठेवत आले, काय पेरलं, कधी फुललं, काय मेलं. जे मेलं तेही लपवलं नाही. या नोंदींपलीकडची एक गोष्ट मात्र तिथं गेलात तर आठवा. ४ जुलै १८२६ ला जेफरसन गेले, त्यांची कबर खणली ती वर्म्ली ह्यूज यांनी. आणि पुढच्याच जानेवारीत जेफरसन यांचं कर्ज फेडायला १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला. ह्यूज यांची बायको आणि लेकरं त्यांत होती. बागेचा मान ज्यांच्या हातांना जायला हवा, त्यांत हे हात पहिले.

तुम्हाला अमेरिकेला जायचं जमेल न जमेल. पण येत्या थंडीत एक करा. एक थर्मामीटर ओढ्याकाठी आणि एक वरच्या बांधावर लावा, पहाटे उठून दोन्हींचे आकडे वहीत टिपा, आणि आपली टेकडी काय सांगते ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.