बंद गाळ्यांचा लिलाव

घर लहान आणि सामान फार, ही अडचण जगात सर्वत्र आढळते. भारतात अशा वेळी माळा, पलंगाखालची जागा किंवा गावाकडचे घर उपयोगी पडते. अमेरिकेत मात्र या अडचणीतून एक स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला. मोठ्या रस्त्यालगतच्या जागेवर लोखंडी शटरांचे शेकडो गाळे ओळीने बांधायचे आणि ते महिन्याच्या भाड्याने द्यायचे, असे या व्यवसायाचे स्वरूप आहे. १९६० च्या दशकात टेक्सास राज्यात त्याला आधुनिक रूप आले. आज त्या देशात अशा गाळ्यांची पन्नास हजारांहून अधिक संकुले आहेत. पाच फूट बाय दहा फूट, दहा बाय दहा, दहा बाय वीस अशी गाळ्यांची मापे असतात. भाडेकरू गाळ्याला स्वतःचे कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःजवळ ठेवतो. आत काय ठेवले आहे, हे गाळामालकालाही सहसा ठाऊक नसते.

गाळा भाड्याने घेण्याची कारणे पुष्कळदा आयुष्यातील एखाद्या उलथापालथीशी जोडलेली असतात. मृत्यू, घटस्फोट, स्थलांतर आणि मोठ्या घरातून लहान घरात जाण्याची वेळ, ही त्यांतील प्रमुख चार. ‘दोन-तीन महिन्यांत सामान हलवू’ असे भाडेकरूला वाटत असते. परंतु महिने लांबतात, भाडे थकते, त्यावर दंड चढतो. कोणी आजारी पडतो, कोणाची नोकरी जाते, कोणी तुरुंगात असतो, तर कोणाचे निधन झालेले असते आणि नातेवाइकांना गाळ्याची कल्पनाच नसते. अशा वेळी कुलूपबंद सामानाचे पुढे काय होते?

या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिले आहे. भाडे थकल्यास आपल्या ताब्यातील सामान अडवून धरण्याचा आणि विहित पद्धतीने ते विकून थकबाकी वसूल करण्याचा हक्क गाळामालकाला असतो. या हक्काला कायद्याच्या भाषेत ‘धारणाधिकार’ म्हणतात. मात्र हा हक्क मनमानीने वापरता येत नाही. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असला, तरी भाडेकरूला आगाऊ सूचना देणे, भरणा करण्यासाठी मुदत देणे आणि विक्रीची जाहीर प्रसिद्धी करणे, या पायऱ्या बहुतेक ठिकाणी आढळतात. कॅलिफोर्निया राज्यात भाडे सलग चौदा दिवस थकल्यानंतरच पहिली सूचना पाठवता येते. विक्रीनंतर थकबाकी व खर्च वजा जाता रक्कम उरली, तर ती भाडेकरूची असते. त्याने एक वर्षात ती मागितली नाही, तर ती तेथील काउंटीच्या, म्हणजे जिल्हा प्रशासनाच्या, तिजोरीत जमा होते. लष्करी सेवेवर असलेल्या व्यक्तीचे सामान तर न्यायालयाच्या आदेशावाचून विकताच येत नाही. सीमेवर गेलेल्या सैनिकाच्या संसाराचा त्याच्या पाठीमागे लिलाव होऊ नये, हा त्यामागील हेतू.

सर्व मुदती संपल्यानंतर लिलावाचा दिवस उजाडतो. पारंपरिक पद्धतीत ठरलेल्या वेळी खरेदीदार गाळ्यांसमोर जमतात. संकुलाचा कर्मचारी सर्वांसमक्ष कुलूप तोडतो आणि शटर वर जाते. खरेदीदारांनी उंबरठ्याबाहेर उभे राहायचे असते. आत पाऊल टाकता येत नाही, कशालाही हात लावता येत नाही, खोके उघडून पाहता येत नाही. हातातील विजेरीचा झोत टाकून काही मिनिटांत जे दिसेल, त्यावरून अंदाज बांधायचा आणि बोली बोलायची. विक्री एकेका वस्तूची नव्हे, तर संपूर्ण गाळ्याची होते. बोली जिंकणाऱ्याने तेथल्या तेथे पैसे भरायचे, स्वतःचे कुलूप लावायचे आणि ठरलेल्या मुदतीत, साधारणतः दोन-तीन दिवसांत, गाळा झाडून रिकामा करून द्यायचा. त्यासाठी त्याच्याकडून अनामत रक्कम घेतली जाते. केवळ चांगल्या वस्तू उचलून कचरा मागे ठेवला, तर ती रक्कम बुडते. अलीकडे बहुसंख्य लिलाव संगणकावर होतात. तेथे तर प्रत्यक्ष दर्शनही घडत नाही. चार-सहा छायाचित्रांवरून निर्णय घ्यावा लागतो.

अनुभवी खरेदीदाराची नजर येथे कामी येते. खोकी नीट चिकटपट्टी लावून रचलेली आहेत का, त्यांवर काय लिहिले आहे, धूळ सर्वत्र सारखी बसली आहे का, फर्निचर कापडाने झाकले आहे का, याकडे तो लक्ष देतो. काळजीपूर्वक ठेवलेल्या सामानाची किंमत ठेवणाऱ्याच्या लेखी तरी मोठी होती, एवढे त्यावरून कळते. काळ्या पिशव्यांत कोंबलेले कपडे आणि उभ्या केलेल्या गाद्या दिसल्या, तर तो मागे सरतो. जुन्या गादीला गिऱ्हाईक मिळत नाही. उलट ती टाकून देण्यासाठी पैसे मोजावे लागतात.

असे असूनही या व्यवसायाभोवती गुप्तधनाचे वलय निर्माण झाले. त्याला काही खऱ्या घटनाही कारणीभूत आहेत. १९७७ च्या जेम्स बाँड चित्रपटात वापरलेली, पाण्याखाली चालणारी पांढरी मोटार न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड येथील एका गाळ्यात विसरली गेली होती. १९८९ मध्ये एका दांपत्याने तो गाळा सुमारे शंभर डॉलरना, आत काय आहे हे न पाहता, लिलावात घेतला. २०१३ मध्ये लंडनमधील लिलावात त्या मोटारीला साडेपाच लाख पौंडांची बोली मिळाली. २०१० पासून अमेरिकी दूरचित्रवाणीवर अशा लिलावांच्या मालिका सुरू झाल्या आणि दर भागात कोणत्या ना कोणत्या खोक्यातून काही अद्भुत निघू लागले. २०१२ मध्ये अशाच एका मालिकेत झळकणाऱ्या खरेदीदाराने निर्मात्यांविरुद्ध दावा दाखल केला. गाळ्यांत मौल्यवान वस्तू आधीच आणून ठेवल्या जातात, असा त्याचा आरोप होता. पुढे तो वाद तडजोडीने मिटला. तोपर्यंत लिलावांना बघ्यांची आणि नवख्यांची गर्दी मात्र वाढली होती. गर्दी वाढली की बोली चढते आणि बोली चढली की नफा घटतो.

या व्यवसायाचा खरा हिशोब एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका खरेदीदाराने गाळा चारशे डॉलरना घेतला, असे समजू. लिलाव करणाऱ्या संस्थेचे शुल्क साठ डॉलर, मालवाहू गाडीचे भाडे व इंधन एकशेदहा डॉलर, कचराभूमीवर निरुपयोगी सामान टाकण्याचा खर्च सत्तर डॉलर आणि विक्रीसाठी जुन्या बाजारातील जागेचे भाडे व संकेतस्थळाची दलाली नव्वद डॉलर. एकूण खर्च सातशे तीस डॉलर झाला. दोन महिन्यांत भांडी, हत्यारे, सायकल, कपाट असे सामान सुटे सुटे विकून साडेनऊशे डॉलर हाती आले. नफा दोनशेवीस डॉलर. आता या कामी लागलेला वेळ पाहावा. सामान उतरवणे, निवडणे, पुसणे, छायाचित्रे काढणे, गिऱ्हाइकांना उत्तरे देणे आणि वस्तू पोहोचवणे यांत तीस तास गेले, असे धरले, तर तासाला सव्वासात डॉलरहून किंचित अधिक मजुरी पडली. २००९ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने लागू झालेले किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. म्हणजे गुप्तधनाच्या शोधात निघालेल्या माणसाच्या हाती किमान मजुरी आली. मदतीला दुसरा माणूस घेतला असता, तर तेवढीही आली नसती.

याचा अर्थ या व्यवसायात कोणीच टिकत नाही, असा नाही. टिकतात ते जुन्या वस्तूंची पारख असणारे, स्वतःची गाडी व साठवणीची जागा असणारे आणि बोली ठरावीक आकड्यापुढे गेली की हात खाली घेणारे. त्यांच्या दृष्टीने हा जुन्या सामानाचा व्यापार आहे; त्यात नशिबाचा वाटा असतो, पण पोट चालते ते मेहनतीवर.

हिशोबाच्या वहीत न मावणारी आणखी एक बाब येथे आहे. गाळ्यातील सामान कोणाचा तरी संसार असतो. लग्नाचे छायाचित्र, बाळाचे पहिले बूट, मृत पतीची पत्रे, शाळेची प्रमाणपत्रे, एखाद्या वेळी अस्थिकलशही खरेदीदाराच्या हाती लागतो. बाजारात यांची किंमत शून्य असते. मूळ मालकासाठी मात्र त्यांचे मोल करता येत नाही. म्हणूनच खासगी कागदपत्रे व छायाचित्रे संकुलाच्या कार्यालयात परत द्यावीत, अशी अट अनेक लिलावांत असते. प्रामाणिक खरेदीदार ती अट नसतानाही पाळतात.

एका गाळ्यात काय दडलेले असू शकते, याचे सर्वांत हृद्य उदाहरण शिकागो शहरातील आहे. व्हिव्हियन मायर ही स्त्री सुमारे चाळीस वर्षे लोकांच्या घरी मुले सांभाळण्याचे काम करीत असे. फावल्या वेळात ती रस्त्यांवरील माणसांची छायाचित्रे टिपत असे. परंतु ती फारशी कोणाला दाखवीत नसे. उतारवयात तिला गाळ्यांचे भाडे भरणे जमले नाही. २००७ मध्ये तिचे सामान विकले गेले आणि पुढे लिलावगृहात खोकेखोके होऊन वेगवेगळ्या खरेदीदारांकडे गेले. जॉन मालूफ या तरुणाने निगेटिव्हने भरलेले एक खोके सुमारे चारशे डॉलरना घेतले. त्याला शहराच्या एका भागावरील पुस्तकासाठी जुनी छायाचित्रे हवी होती. त्या खोक्यातील कामाचे मोल त्याला हळूहळू उमगले. त्याने मायरचे आणखी साहित्य मिळवले. तिने टिपलेल्या छायाचित्रांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. आज विसाव्या शतकातील महत्त्वाच्या छायाचित्रकारांत तिची गणना होते. मात्र यांतील काहीही तिला पाहता आले नाही. एप्रिल २००९ मध्ये तिचे निधन झाले. शेवटच्या काळात तिची काळजी घेणाऱ्यांत, लहानपणी तिने सांभाळलेले भाऊ होते.

या कथेला कायद्याचीही एक बाजू आहे. निगेटिव्ह विकत घेतली, म्हणून छायाचित्राचा स्वामित्वहक्क मिळत नाही. तो छायाचित्रकाराकडे व त्याच्या वारसांकडे राहतो. मायरच्या वारसांविषयीचा प्रश्न २०१४ मध्ये न्यायालयापुढे आला आणि हा भेद सर्वांच्या लक्षात आला. वस्तू विकत घेता येते. वस्तूत ओतलेले सर्जन तिच्याबरोबर आपोआप विकले जात नाही.

गाळ्यांचे लिलाव दूर अमेरिकेत होत असले, तरी त्यामागील तत्त्व भारतीय माणसाला परके नाही. अडीअडचणीत सोन्याचे दागिने तारण ठेवणारी कुटुंबे येथे गावोगावी आहेत. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७६ नुसार कर्ज थकल्यास तारण ठेवून घेणाऱ्याला वस्तू विकता येते. परंतु त्याआधी कर्जदाराला वाजवी सूचना देणे आवश्यक असते. विक्रीतून कर्जाहून अधिक रक्कम आली, तर उरलेली रक्कम कर्जदाराला परत द्यावी लागते. कमी आली, तर उरलेली बाकी कर्जदाराला फेडावी लागते. हे नियम ठाऊक नसल्यामुळे घरी आलेल्या सूचनेचा लिफाफा कित्येकदा न उघडताच पडून राहतो आणि हक्काची शिल्लक रक्कमही मागितली जात नाही.

लिलावाच्या दारात दोन माणसे असतात. एक दिसतो, तो बोली बोलणारा. दुसरा दिसत नाही, तो वस्तू गमावणारा. पहिल्याने हिशोब चोख ठेवावा आणि हाती आलेल्या परक्या आठवणींचा मान राखावा. दुसऱ्याने सूचना वाचावी, मुदत लक्षात ठेवावी आणि आपली शिल्लक मागून घ्यावी. शटर वर जाण्यापूर्वी मिळालेली सूचना वेळीच वाचली, तर पुष्कळ संसार लिलावापासून वाचू शकतात.