एकदाच वापरावयाचे यंत्र

हृदयाची लय प्राणघातक रीतीने बिघडली असता विजेचा झटका देऊन ती पूर्ववत करणारे डिफिब्रिलेटर यंत्र मिशेल मिरॉव्स्की यांच्या प्रयत्नांतून १९८० साली बाल्टिमोर येथे प्रथम मानवी देहात बसविण्यात आले. पुढे निर्मात्यांनी त्याचा आकार घटविला, उपयुक्तता वाढविली. किंमत मात्र गरीब रुग्णाच्या आवाक्यात आली नाही. शिवाय ते ‘एकदाच वापरावे’ अशी त्यांची अट. ही अट कितपत शास्त्रीय आहे?

डॉ. बेहजाद पावरी, डॉ. यश लोखंडवाला व सहकाऱ्यांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेत देहातून काढलेली, किमान तीन वर्षांची विद्युत्‌शक्ती शिल्लक असलेली यंत्रे निर्जंतुक करून मुंबईतील ८१ निर्धन रुग्णांना बसविण्यात आली. एकूण १०६ यंत्रे. जंतुसंसर्ग एकालाही झाला नाही. संख्या लहान, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु २०२० सालच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पुनर्वापरित पेसमेकर व डिफिब्रिलेटर बसविलेल्या १,०५१ रुग्णांत संसर्गाचे प्रमाण २.० टक्के, तर नवी यंत्रे बसविलेल्यांत १.२ टक्के आढळले. हा फरक संख्याशास्त्रदृष्ट्या लक्षणीय ठरला नाही. निर्मात्यास उत्तरदायित्वाची भीती वाटणे समजण्यासारखे आहे. पण ज्या रुग्णापुढे नवे यंत्र हा पर्यायच नाही, त्याच्यासाठी तुलना यंत्राशी नव्हे, यंत्राच्या अभावाशी करावयास हवी.