चाळीतलं पंचांग

कांदा झोपतो. मार्च-एप्रिलमध्ये पात माना टाकते, कांदा उपटून वावरात सुकवला जातो आणि त्यानंतर काही महिने त्याला कोंब म्हणून फुटत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-चांदवड-येवल्याच्या शिवारात या झोपेसाठी खास घर बांधतात, त्याचं नाव कांदाचाळ. जमिनीपासून थोडी उचललेली, खालून आणि बाजूंनी वारा खेळता राहील अशी. वीज नाही, शीतयंत्र नाही. पावसाळा सरताना मात्र झोप मोडते. कोंब येतात, काजळी धरते, वजन घटतं. चाळीत भरलेल्यातला तिसरा हिस्सा दिवाळीपर्यंत गेला तरी इकडे कोणाला त्याचं आश्चर्य वाटत नाही.

मला आश्चर्य वाटतं ते निराळ्याच गोष्टीचं: या झोपेच्या वेळापत्रकात सरकारं अडकतात.

देशात पिकणाऱ्या कांद्यापैकी निम्म्याहून बराच जास्त हा उन्हाळ कांदा. तो एप्रिल-मेमध्ये एकदम निघतो, आणि टिकणारा तेवढाच. खरिपाचा पोळ कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून येतो, त्यामागून रांगडा. दोन्ही फार दिवस ठेवता येत नाहीत. म्हणजे वर्षाला एक खिंड पडते. सप्टेंबर ते नोव्हेंबर. चाळी तळाला गेलेल्या, पोळ अजून वावरात, आणि वर परतीचा पाऊस. भाव दुप्पट झाला म्हणून फोडणीतला कांदा कोणी निम्मा करत नाही, त्यामुळे आवक थोडी घटली तरी भाव मात्र उडी मारतो.

आता या पंचांगावर निवडणुका मांडून पाहा. नोव्हेंबर 1998 मध्ये दिल्ली आणि राजस्थानात मतदान झालं ते थेट या खिंडीत. कांदा भडकलेला होता आणि दोन्हीकडे भाजपची सत्ता गेली. त्याआधी जानेवारी 1980 ची लोकसभा निवडणूक आदल्या वर्षीच्या दुष्काळानंतर झाली. इंदिरा गांधींनी प्रचारात कांद्याचा भाव हातात घेतला होता. दोन्ही वेळा चिडलेलं होतं ते गिऱ्हाईक.

लोकसभेचं मतदान मात्र हल्ली एप्रिल-मेमध्ये येतं, उन्हाळ कांदा ट्रॉलीत भरला जात असताना. तेव्हा चिडतो तो पिकवणारा. 2024 साली हे अगदी ठळक दिसलं. 2023 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं, ऑक्टोबरअखेर टनामागे 800 डॉलरचं किमान निर्यातमूल्य, आणि डिसेंबरमध्ये थेट बंदी. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, चांदवडला महामार्ग अडवला गेला. मार्चअखेर उठायची ती बंदी पुढे वाढवली. मग 4 मे 2024 ला उठवली. तरी 40 टक्के शुल्क कायम आणि 550 डॉलरच्या किमान मूल्याची अट वर. दिंडोरीत मतदान होतं 20 मे रोजी. केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार शिक्षक भास्कर भगरे यांच्याकडून लाखाहून जास्त मतांनी हरल्या. (तेही भगरे आडनावाच्याच एका अपक्षाला मिळत्याजुळत्या ‘तुतारी’ चिन्हावर लाखभर मतं पडलेली असताना.)

दिल्लीतला माणूस इतका का घाबरतो? 2012 च्या पायावरच्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचं वजन होतं अवघं 0.64 टक्का. नगण्य वाटतं. पण ढोबळ हिशेब करा: कांदा दुप्पट झाला की एकट्याने महागाईत जवळपास दोन-तृतीयांश टक्क्याची भर घालतो. रिझर्व्ह बँकेला चार टक्क्यांचं लक्ष्य आणि वर फक्त दोन टक्क्यांची मोकळीक. त्यातला तिसरा हिस्सा एका भाजीनेच खाल्ला! ऑक्टोबर 2024 मध्ये भाज्या वर्षभरात 42 टक्क्यांनी महागल्या, त्यात टोमॅटो-बटाटाही होते, आणि महागाई 6.21 टक्क्यांवर गेली. त्याच सुमाराला अर्थव्यवस्थेची वाढ मंदावल्याचे आकडे आले, व्याज उतरवा अशी मागणी होती. तरी डिसेंबरात रेपो दर 6.5 टक्क्यांवरच राहिला. सातपूरच्या कारखान्यातल्या कामगाराचा घरकर्जाचा हप्ता आणि लासलगावच्या कांदा बाजारातली आवक यांच्यात असा धागा आहे. तो हप्ता भरणाऱ्याला दिसत नाही, ट्रॉली घेऊन लिलावात उभ्या असलेल्यालाही नाही.

आणि बंदीचा उपायही स्वतःतच गुंततो. भाव पाडला की शेतकरी पुढच्या हंगामात कांदा कमी लावतो, मग तूट येते, भाव चढतो, सगळे पुन्हा कांदाच लावतात. निकोलस काल्डोर यांनी 1934 साली या फेऱ्याला कोळ्याच्या जाळ्याचं नाव दिलं, कारण आलेखात त्या रेषा तशाच विणल्या जातात. भाव आजचा असतो, पीक चार महिन्यांनंतरचं. सरकारचा आदेश मात्र रात्रीत निघतो.

त्याच 2024 ची दुसरी बाजू पाहण्यासारखी आहे. सप्टेंबरात शुल्क 20 टक्क्यांवर आलं, किमान मूल्याची अट गेली. विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला, म्हणजे नेमकं खिंडीत. कांदा महाग, आणि ज्याच्या चाळीत तो उरला होता त्याला पैसे मिळत होते. नाशिक जिल्ह्यातल्या 15 पैकी 14 जागा सत्ताधारी महायुतीने जिंकल्या. हे सगळं कांद्यानेच झालं असं म्हणणारा माणूस मला भाबडा वाटेल: लाडकी बहीण योजनेचे दरमहा 1500 रुपये जुलैपासून सुरू झालेले होते, आणि मे महिन्यातल्या मतदानातही मराठा आरक्षणासह बरंच काही होतं. तरी सहा महिन्यांत त्याच वावरांनी दोन टोकांचे कौल दिले, आणि मधल्या काळात चाळी भरून रिकाम्या झाल्या होत्या.

उरलेलं 20 टक्के शुल्क 1 एप्रिल 2025 पासून शून्य झालं. उन्हाळ कांद्याची आवक सुरू झालेली होती, भाव खालीच राहिले. त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्रात मतदान नव्हतं.