दीर्घकालीन मूत्रपिंड विकारातील रक्तक्षय : कारणे आणि उपचारांची मर्यादा

प्रस्तावना :
मूत्रपिंड हे केवळ रक्त गाळणारे इंद्रिय आहे, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः तांबड्या रक्तपेशींच्या निर्मितीचे नियंत्रणही त्याच्याकडेच असते. त्यामुळे मूत्रपिंड विकार बळावत जातो तसा रक्तक्षयही वाढतो. थकवा, धाप व हृदयावरील ताण हे त्याचे परिणाम होत. प्रस्तुत लेखात या रक्तक्षयाची कारणे व उपचारांची दिशा यांचे विवेचन केले आहे.

कारणमीमांसा :
रक्तातील प्राणवायू घटला की मूत्रपिंडातील विशिष्ट पेशी एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक स्रवतात आणि अस्थिमज्जा अधिक तांबड्या पेशी तयार करते. मूत्रपिंड विकारात हे संप्रेरक अपुरे पडते. त्यातच दीर्घकालीन दाहामुळे हेप्सिडिनचे प्रमाण वाढते. परिणामी आतड्यातून लोहाचे शोषण मंदावते आणि साठ्यातील लोहही अडकून राहते. डायलिसिसच्या रुग्णात थोडाथोडा रक्तऱ्हासही होत असतो.

उपचारांचा क्रम :
प्रौढ पुरुषात हिमोग्लोबिन १३ व स्त्रीत १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानला जातो. अशा वेळी फेरिटिन, ट्रान्सफेरिन संपृक्तता, जीवनसत्त्व बी-१२ व फोलेट यांची तपासणी आवश्यक ठरते. लोह कमी असताना संप्रेरकाचे इंजेक्शन दिल्यास अपेक्षित गुण येत नाही. म्हणून लोहाची उणीव प्रथम भरून काढावी लागते. डायलिसिसच्या रुग्णास ते प्रायः शिरेवाटे दिले जाते.

कृत्रिम एरिथ्रोपोएटिनला अमेरिकेत १९८९ मध्ये मान्यता मिळाली. तत्पूर्वी अनेक रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागे. परंतु परक्या रक्तामुळे शरीरात प्रतिपिंडे तयार होऊन पुढे प्रत्यारोपणासाठी जुळणारे मूत्रपिंड मिळणे कठीण होऊ शकते. म्हणून प्रत्यारोपणयोग्य रुग्णात रक्त देणे शक्यतो टाळले जाते. भारतात २०२२ मध्ये डेसिडुस्टॅट या तोंडावाटे घ्यावयाच्या औषधास मान्यता मिळाली. ते शरीराचीच प्राणवायू-संवेदन यंत्रणा वापरून संप्रेरकनिर्मितीस चालना देते.

हिमोग्लोबिन किती वाढवावे?
हिमोग्लोबिन निरोगी व्यक्तीइतके झाले की रुग्णाचे हित साधेल, ही अपेक्षा स्वाभाविक होती. तथापि २००६ मधील 'कॉयर' अभ्यासात १३.५ चे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मृत्यू व हृदयविकाराच्या घटना अधिक आढळल्या. २००९ मधील 'ट्रीट' अभ्यासात मधुमेही रुग्णांत पक्षाघाताचा धोका जवळपास दुप्पट दिसला. त्यानंतर २०१२ च्या 'केडिगो' मार्गदर्शक तत्त्वांनी या औषधांद्वारे हिमोग्लोबिन सर्वसाधारणपणे ११.५ च्या वर राखू नये, असे सुचविले.

समारोप :
सारांश, या रक्तक्षयात अहवालातील आकडा सामान्य करणे हे उपचारांचे ध्येय नव्हे. लोहाची पूर्ती, संप्रेरकाची आवश्यक तेवढीच मात्रा, रक्तदाबावर लक्ष आणि नियमित तपासणी यांतूनच रुग्णास सुरक्षितपणे दिलासा मिळू शकतो. हिमोग्लोबिन अद्याप 'कमी' आहे म्हणून अधिक इंजेक्शनांचा आग्रह धरणाऱ्या रुग्णास व नातेवाइकांस ही मर्यादा समजावून सांगणे, हाही उपचारांचाच एक भाग होय.