कनवटीचा पैसा चव्हाट्यावर!

७ सप्टेंबर २०२१ रोजी एल साल्वादोर या चिमुकल्या राष्ट्राने बिटकॉइनला कायदेशीर चलनाचा मान दिला. नागरिकांस ३० डॉलरांचे बिटकॉइन देऊ केले. तरीही जनता डॉलरच वापरीत राहिली आणि २०२५ साली दुकानदारांवरील सक्ती उठवावी लागली. या चलनाचे भक्त म्हणतात, येथे मधला दलाल नाही. खरे आहे! पण येथे आडपडदाही नाही. प्रत्येक व्यवहार जगजाहीर वहीत कायमचा नोंदला जातो. तेथे नाव नसते, पत्ता असतो. त्या पत्त्याचा धनी एकदा कळला की त्याचा सारा हिशेब उघडा पडतो. कनवटीची नोट अशी चहाडी करीत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क होय, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली निःसंदिग्धपणे सांगितले. तेव्हा नवे चलन खुशाल येवो. रोख पैशाची वाट मात्र कोणी बुजवू नये!