सकाळची न्याहारी टाकावी काय ?

चार सुशिक्षित गृहस्थ एकत्र बसले म्हणजे पूर्वीं पाऊसपाण्याच्या व मुलांच्या शिक्षणाच्या गोष्टी निघत, हल्लीं त्या संपण्यापूर्वींच कोणीतरी पोटावरून हात फिरवितो आणि विचारतो, “काय हो मास्तर, सकाळचें खाणें बंद केलें तर वजन उतरतें म्हणतात, तें खरें काय?” हा प्रश्न मला करण्यांत येतो याचें कारण मी वैद्य आहें हें नव्हे, तो प्रयोग मीं स्वतःवर, आणि दुर्दैवानें घरांतील दुसऱ्या एका माणसावरहि, केलेला आहे हें होय. ती हकीकत पुढें येईल.

प्रथम आपली पूर्वापार रीत पाहूं. न्याहारी हा शब्द जुना खरा, परंतु तो मुख्यतः शेतकऱ्याच्या घरचा. आमच्या शाहूवाडीकडे भात-नाचणीच्या शेतांत पहाटेपासून राबणारा माणूस ऊन वर आल्यावर बांधावर बसून भाकरी-चटणी खातो, ती न्याहारी. ब्राह्मणाच्या घरीं मुलांना सकाळीं मऊ भात, तूप, मेतकूट मिळे. वडील माणसें मात्र स्नानसंध्या आटोपून दहा-अकराला पानावर बसत, आणि दुसरें भोजन दिवेलागणीनंतर होई. पुढें चहा आला, चहापाठोपाठ पोहे-उपमा आले, दुपारचा चिवडा आला, आणि दोन भोजनांमधल्या सर्व फटी बुजून गेल्या. तेव्हां न्याहारी टाकणें ही परदेशची नवी टूम आहे असें म्हणणाऱ्यांनीं आपल्या आजोबांचा दिनक्रम आठवावा.

ही जुनी रीत नव्या वेषांत महाराष्ट्रापुढें मांडली ती नागपूरचे बहुश्रुत विद्वान् डॉ. श्रीकांत जिचकार यांनीं. २००४ सालीं त्यांचें अपघाती निधन झालें. त्यांच्या व्याख्यानांतील विचार उचलून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं तो घरोघर पोंचविला. त्यांचें म्हणणें असें कीं, खऱ्या भुकेच्या दोन वेळा ओळखाव्या. त्या दोन वेळांसच जेवावें. प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आंत संपवावें. मध्यें कांहीं खाऊं नये. आणि रोज ४५ मिनिटें चालावें. प्रत्येक खाण्यासरशी इन्सुलिन स्रवतें व तें मेद सांठविण्यास साह्य करतें, ही त्यामागील उपपत्ति. लोक विसरतात तें हें कीं, यांत न्याहारीशीं वैर नाहीं. ज्यास सकाळीं नवाला भूक लागते, त्यानें नवालाच जेवावें.

आतां प्रयोगांकडे वळूं. न्याहारी न करणारे लोक अधिक स्थूल असतात, असें निरीक्षण अनेक वर्षें पुढें केलें जात असे. परंतु आमचे नैयायिक ज्यास अन्यथासिद्धि म्हणतात तो दोष येथें संभवतो. घट घडतांना कुंभाराचें गाढव जवळ उभें असतें, म्हणून गाढव घटाचें कारण ठरत नाहीं. जो न्याहारी टाळतो तो पुष्कळदां रात्रीं जागतो, धूम्रपान करतो, चालतो कमी. मग दोष न्याहारीचा कीं जागरणाचा? यासाठीं माणसांचे गट पाडून प्रत्यक्ष प्रयोग झाले. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील प्रयोगांत सुमारें तीनशें स्थूल माणसें १६ आठवडे पाहण्यांत आलीं. न्याहारी करा अथवा करूं नका, वजनांत फरक पडला नाहीं. २०१९ सालीं ऑस्ट्रेलियांतील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनीं अशा १३ प्रयोगांचा एकत्र विचार केला. न्याहारी करणारे दिवसाकांठीं सरासरी २६० कॅलरी अधिक खातात, आणि न करणाऱ्यांचें वजन सरासरी ०.४४ किलोनें कमी भरतें, असें त्यांस आढळलें. जुन्या मापानें अर्धा शेरहि नव्हे! शिवाय हे प्रयोग फारसे भक्कम नाहींत, असें त्यांनींच प्रामाणिकपणें लिहिलें. इंग्लंडांतील बाथ येथें असें दिसलें कीं, सकाळीं न खाणारा माणूस नकळत हालचालहि कमी करतो. म्हणजे जें एका हातानें वांचवावें तें दुसऱ्या हातानें जातें. २०२० सालच्या कॅलिफोर्नियांतील प्रयोगांत दुपारीं बारा ते रात्रीं आठ एवढ्याच वेळांत खाणाऱ्यांचें वजन १२ आठवड्यांत किलोभरहि उतरलें नाहीं, आणि जें उतरलें त्यांत मेदाहून इतर धातूंचा, म्हणजे स्नायु इत्यादींचा, भाग बराच होता. साठी उलटलेल्यांनीं हें वाक्य दोनदां वाचावें.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत अतिस्थूलाचा विचार आहे. मेदानें मार्ग अडल्यामुळें अशा माणसाचा अग्नि प्रखर होतो व त्यास भूक अधिक लागते, असें तेथें म्हटलें असून, पचावयास जड परंतु पुष्टि न आणणारें अन्न त्यास द्यावें असें सांगितलें आहे. जव व कुळीथ यांचा उल्लेखहि आहे. भूक मारा असें तो ऋषि सांगत नाहीं. भुकेस काय द्यावें तें सांगतो. आमच्याकडील नाचणीची भाकरी आणि कुळथाचें पिठलें मला येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

आतां माझी हकीकत. निवृत्तीनंतर माझें वजन ७८ किलोंवर गेलें. मीं न्याहारी सोडली आणि तीन महिन्यांत चार किलो उतरलों. मात्र त्याच काळांत दुपारचें फरसाण सुटलें होतें व मलकापूरच्या रस्त्यानें सायंकाळचें फिरणें सुरू झालें होतें. तेव्हां गाढव कोणतें व कुंभार कोणता, हें मला आजहि सांगतां येत नाहीं. परंतु त्या वेळीं मी गर्वानें फुगलों, आणि कुटुंबालाहि तोच उपदेश केला. ती मधुमेहाची रोगी. गोळी आठ वाजतां घेण्याची संवय. ती तशीच चालू राहिली, खाणें मात्र बंद झालें. पांचव्या दिवशीं ती देवघराशीं वाती वळीत बसली होती. “अहो, डोळ्यांपुढें अंधारी येते,” एवढें म्हणाली आणि तिचे हात कांपूं लागले, अंग घामानें थबथबलें, बोलणें असंबद्ध झालें. मी पित्त समजून कोकमाचें सरबत शोधूं लागलों ! शेजारची परिचारिकेचें काम करणारी मुलगी यंत्र घेऊन धांवत आली. रक्तांतील साखर ५२ होती. तिनें तीन चमचे साखर पाण्यांत घालून पाजली, पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासली, आणि आंकडा वर आल्यावर भात खाऊं घातला. कांहीं गोळ्या पोटांत अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन स्रववितात, हें मला डॉक्टरांनीं त्या दिवशीं समजावून सांगितलें. त्यांना आधीं विचारणें हें माझें काम होतें, आणि तें मीं केलें नव्हतें.

डॉक्टरांनीं तिची गोळी बदलून दिली व वेळा लिहून दिल्या. आतां ती आठाला अर्धी भाकरी व ताक घेते; मी अकराला जेवतों. चहांतील साखर दोघांचीहि गेली. तिचें वजन गेल्या दिवाळीपासून तीन किलो उतरलें आहे, आणि न्याहारी करून उतरलें आहे, हें ती आल्यागेल्यास माझ्यासमक्ष सांगते.