तिसरी पिन

"आई, गिटारला आता दोन ॲम्प लावणार आहोत आम्ही!"

लेकीने ही बातमी दिली तेव्हा मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "अगं, एकाच ॲम्पने शेजारच्या काकू हैराण आहेत, आता दुसरा कशाला?"

"मोठा आवाज नको गं, भरलेला आवाज हवाय."

मी कला शाखेची पदवीधर. विजेशी माझा संबंध फ्यूज उडाला की वायरमनला फोन करण्यापुरता. पण तिने समजावलं ते पटलं. इलेक्ट्रिक गिटारचा स्वतःचा आवाज अगदीच बारीक. तारांखालचं पिकअप त्यांची थरथर विजेच्या संकेतात बदलतं आणि ॲम्प तो मोठा करतो. ॲम्प बदलला की आवाजाचा पोतही बदलतो. एक स्वच्छ, दुसरा जरा फाटलेला, खरखरीत. दोन्ही एकदम वाजले की जात्यावर दोघींनी मिळून एकच ओवी म्हणावी तसं होतं. ओवी एकच, गळे दोन! अमेरिकेतला प्रसिद्ध गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन मंचावर असे अनेक ॲम्प एकाच वेळी वापरायचा म्हणे. आणि गंमत म्हणजे, सारख्याच ताकदीचा दुसरा ॲम्प जोडला तरी आवाज दुप्पट वाटत नाही, साधारण ३ डेसिबलनेच वाढतो. काकूंना हे सांगून बघितलं, त्यांना काही पटलं नाही!

तर गणेशोत्सवातल्या कार्यक्रमाच्या तालमीसाठी मित्राचा ॲम्प आमच्या घरी आला. एक ॲम्प हॉलमधल्या बोर्डवर, दुसरा खिडकीजवळच्या. बटणं दाबली आणि... घूंऽऽऽ! भुंगा शिरावा तसा सतत आवाज. मुलांनी वायरी बदलल्या, गिटार बदलली, भुंगा काही जाईना. शेवटी त्यातल्या एका हुशार मुलाने पक्कड मागितली आणि आमच्या ॲम्पच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाकली. भुंगा गप्प! पोरांनी टाळ्या वाजवल्या, मीही कौतुकाने सगळ्यांना चहा दिला.

दुसऱ्या दिवशी मित्र आपला ॲम्प घेऊन गेला. दुपारी मी अनवाणी फरशी पुसत होते. वाटेतली गिटार बाजूला करायला हात लावला, तारांना बोटं टेकली आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. आमच्या ॲम्पचं बटण चालूच होतं.

क्षणभर माझ्या डोळ्यांसमोर आली आमच्या बचत गटातली एक मैत्रीण. मागच्या उन्हाळ्यात ओल्या हाताने तिने लोखंडी कूलरला हात लावला आणि फेकली गेली. नशिबाने वाचली. त्या कूलरला होती दोनच तारांची वायर. तिसरी तार कोणी जोडलीच नव्हती.

मी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग आमच्या नेहमीच्या वायरमनला बोलावलं. त्याने प्लग हातात घेतला आणि कपाळाला हात लावला. "ताई, ही पिन नाही मोडली, जीव वाचवणारी वाट मोडलीय."

मग त्याने समजावलं. वरची जाड पिन म्हणजे अर्थ. ती लांबही असते, म्हणजे प्लग घालताना सगळ्यांत आधी लागते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. यंत्रात बिघाड होऊन वीज बाहेरच्या पत्र्यात आली, तर ती या वाटेने जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. वाट नसली की वीज आपल्या अंगातून वाट काढते. गिटारच्या तारा वायरीतून ॲम्पच्या पत्र्याशी जोडलेल्या असतात, म्हणजे ॲम्पमध्ये उतरलेली वीज थेट बोटांवर!

"मग काल कोणालाच कसं काही झालं नाही?" मी विचारलं. "काल दुसऱ्या ॲम्पचा अर्थ गिटारच्या वायरीतून याला सांभाळत होता. तो ॲम्प गेला आणि आधारही गेला."

हे ऐकून लेकीचा चेहरा उतरला. कार्यक्रमात हातात गिटार आणि ओठांशी माईक असणार होता. असेच बळी गेलेत. ब्रिटनमध्ये स्वान्सी इथे १९७२ साली लेस हार्वे हा गिटारवादक हातात गिटार असताना अर्थ नसलेल्या माईकला शिवला आणि मंचावरच गेला. कीथ रेल्फ हा गायक तर १९७६ साली स्वतःच्या घरात इलेक्ट्रिक गिटार वाजवताना गेला.

मग तो भुंगा कुठून आला? दोन ॲम्प दोन वेगळ्या बोर्डांवर, म्हणजे जमिनीकडे जाणाऱ्या वाटा दोन. गिटारच्या वायरीने त्या जोडल्या गेल्या की एक वेटोळं तयार होतं आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण त्यात शिरते. इलाज सोपा आहे. दोन्ही ॲम्प एकाच बोर्डवर लावायचे. तरीही गुणगुण राहिली, तर आत छोटा ट्रान्सफॉर्मर असलेली स्प्लिटरची डबी घ्यायची. ती गिटारचा आवाज दोन्हीकडे पाठवते, पण वेटोळं तोडते. तोडायचंच तर आवाजाच्या वायरीतलं, विजेच्या प्लगमधलं कधीच नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात गिटार नसेलही. पण आपल्या मिरवणुकांतला बँजो आठवा. तो खरं तर बुलबुलतरंग, मूळचा जपानी. १९१२ साली नागोयात जन्मलेल्या ताईशोगोतोचं हे आपल्याकडचं रूप. त्यालाही पिकअप लावून ॲम्प आणि भोंगे जोडतात, पावसात, ओल्या रस्त्यावर. ते वाजवणारी पोरंही कुणाची तरी लेकरंच ना! आणि गिझर, वॉशिंग मशीन, कूलर तर घरोघरी आहेतच.

म्हणून आज एवढं कराच. घरातले प्लग बघा, मोडकी पिन दिसली तर प्लग बदला. भिंतीत तीन भोकं आहेत म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. जुन्या वाड्यांत पुष्कळदा मागे तारच नसते, वायरमनकडून तपासून घ्या. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवा. वीज भलत्या वाटेने गेली की तो क्षणात पुरवठा तोडतो. त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघा.

आमच्या ॲम्पला नवा प्लग बसला, बोर्डचं अर्थिंगही तपासून झालं. कार्यक्रमाच्या दिवशी मंडपात गेले तेव्हा लेक वाकून काहीतरी बघत होती. मला वाटलं, गिटारच्या तारा लावतेय. जवळ गेले तर बाईसाहेब सगळ्यांच्या प्लगच्या पिना मोजत होत्या!